परदेशात ग्रॅज्युएशनला जायचंय? रँकिंग कसं वाचायचं आणि युनिव्हर्सिट्यांची तुलना कशी करायची

दर जूनमध्ये क्यूएस या ब्रिटिश संस्थेची जगातल्या युनिव्हर्सिट्यांच्या रँकिंगची नवी यादी आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरायला लागतात आणि लगेच तेच प्रश्न सुरू होतात, ही ३४ नंबरला आहे आणि ती ५२ ला, मग ३४ वालीच बरी ना? हा प्रश्न मला इतक्या घरांतून आलाय की एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

हे बारावीनंतर थेट अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ग्रॅज्युएशनला जाणाऱ्यांसाठी आहे, एमएससाठी नाही, आणि हा फरक सगळ्यात आधी डोक्यात पक्का बसवा. कारण आपल्याकडे सल्ला देणारा दादा, मावसभाऊ, शेजारचे काका, बहुतेक सगळे इथे इंजिनिअरिंग करून एमएसला गेलेले असतात. त्यांनी डिपार्टमेंटचं रिसर्चमधलं नाव बघितलं ते बरोबरच होतं, त्यांना दीड-दोन वर्षांत एका विषयात खोल जायचं होतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. त्याला तीन-चार वर्षं शिकायचंय, कदाचित मध्येच विषय बदलायचाय, आणि सगळा खर्च आईवडिलांच्या खिशातून जाणार आहे.

दुसरी सवय आपल्याला कॅप राउंडची. कट-ऑफ बघायचा, कॉलेजं वरून खाली लावायची, ऑप्शन फॉर्म भरायचा. सीईटीच्या जगात ते बऱ्यापैकी चालतं कारण फी, सिलॅबस, परीक्षा यांत कॉलेजागणिक आभाळाएवढा फरक नसतो. प्रिन्स्टन आणि बर्कली घ्या, दोन्ही जगातल्या उत्तम जागा, पण वर्गाचा आकार, फीमध्ये मिळणारी मदत, मेजर म्हणजे मुख्य विषय बदलायची मोकळीक यातलं काहीही जुळत नाही. तिथे एका आकड्याने क्रम लावता येत नाही, लावला तर फसगत होते.

पहिली पायरी: फॉर्म्युला उघडून बघा

प्रत्येक रँकिंगच्या साइटवर मेथडॉलॉजीचं पान असतं, ते वाचायला पंधरा मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक ते कधीच उघडत नाहीत. क्यूएसचं बघा. ३० टक्के मार्क ॲकॅडेमिक रेप्युटेशनला, म्हणजे जगभरच्या प्रोफेसरांना विचारतात की तुमच्या मते कुठल्या युनिव्हर्सिट्या चांगल्या. १५ टक्के एम्प्लॉयर रेप्युटेशनला, तोच प्रश्न कंपन्यांना. म्हणजे ४५ टक्के लोकांचं मत झालं. २० टक्के रिसर्च पेपरच्या सायटेशन्सना, म्हणजे इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला याला. विद्यार्थी किती आणि शिक्षक किती याला १० टक्के, आणि पूर्वी त्याला २० होते ते अर्धे केले. बाकी टक्के परदेशी विद्यार्थी, परदेशी शिक्षक, सस्टेनेबिलिटी वगैरे. फर्स्ट इयरच्या मुलाला वर्गात कोण शिकवतं, कसं शिकवतं, हे यात थेट कुठेच मोजलेलं नाही.

शांघाय रँकिंग, जे २००३ ला सुरू झालं, ते तर सरळ नोबेल आणि फील्ड्स मेडल (गणितातला मोठा पुरस्कार), नेचर आणि सायन्स या नियतकालिकांतले पेपर असल्या गोष्टींवर चालतं. त्याने ते कधी लपवलेलंही नाही, पण मुलगी बीए इकॉनॉमिक्सला चाललीय आणि घरात शांघायची यादी उघडून बसलेत असं होतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश प्रकाशनाच्या यादीत टीचिंगचा वेगळा विभाग आहे, साधारण २९.५ टक्क्यांचा, पण त्यातलेही १५ परत रेप्युटेशन सर्व्हेचेच.

यूएस न्यूजची यादी १९८३ पासून निघते आणि ती अमेरिकेतल्या ग्रॅज्युएशनसाठीच आहे, त्यामुळे बाकींपेक्षा कामाची. पण २०२३ मध्ये त्यांनी फॉर्म्युला बदलला आणि वर्गाचा आकार हा मुद्दाच काढून टाकला. टुलेन युनिव्हर्सिटी त्या एका वर्षात ४४ वरून ७३ वर गेली. तिथले प्रोफेसर तेच, वर्ग तेच, मुलं तीच, बदलली ती मोजपट्टी. आणि नव्या फॉर्म्युल्यात पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी अमेरिकन सरकारची मदत, घेणारी मुलं ग्रॅज्युएट होतात का याला वजन आहे. अमेरिकेच्या दृष्टीने तो फार चांगला मुद्दा, पण पेल ग्रँट भारतातून जाणाऱ्या मुलाला मिळतच नाही.

आकडे कॉलेजंच पाठवतात हेही लक्षात ठेवा. कोलंबिया त्याच यादीत दोन नंबरवर होती, तेव्हा २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्रोफेसर मायकल थॅडियस यांनी आपल्याच युनिव्हर्सिटीने दिलेले आकडे तपासले आणि वर्गाच्या आकारापासून बऱ्याच गोष्टी जुळत नाहीत असं जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीने चुकीचे आकडे गेल्याचं मान्य केलं आणि नव्या यादीत ती १८ वर आली. नॉर्थईस्टर्नची गोष्ट वेगळी, तिथे खोटं काही नव्हतं, १९९६ मध्ये १६२ नंबरवर असलेल्या या युनिव्हर्सिटीने फॉर्म्युला समजून घेऊन ठरवून काम केलं, वीसच्या आतले वर्ग मोजले जातात तर कित्येक वर्ग १९ मुलांचे केले, आणि २०१३ पर्यंत ४९ वर पोचली. मुलांना त्याचा फायदाही झाला असेल, पण वर चढणं आणि चांगलं होणं या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकत्र येतातच असं नाही.

जुन्या पुणेकरांना रँग्लर परांजपे हे नाव सांगायला नको. १८९९ मध्ये केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या गणिताच्या डिग्री परीक्षेत, ते संयुक्तपणे पहिले आले, सीनियर रँग्लर. ही क्रमवारी जाहीर करणं केंब्रिजनेच १९०९ नंतर थांबवलं, कारण मुलं गणितात शिरण्यापेक्षा खासगी कोचकडे जाऊन नंबरासाठी घोटत होती. एका माणसाच्या हुशारीचीही रांग लावणं तिथल्या लोकांना पटेनासं झालं, इथे तर अख्खी युनिव्हर्सिटी आहे.

मग रँकिंग टाकून द्यायचं का? नाही. सुरुवातीची यादी करायला ते चांगलंच आहे, आपल्याला नावंच माहीत नसतात. तीन वेगवेगळ्या याद्या घ्या, ज्या युनिव्हर्सिट्या तिन्हीत किंवा निदान दोन याद्यांत वर दिसतात त्या वहीत उतरवा, आणि नंबर लिहू नका. पहिल्या वीसातली, विसाच्या पुढची पन्नासपर्यंतची, असे ढोबळ गट पुरेत. २३ आणि ३५ यात फरक आहे असं धरूच नका.

आणि यादीत जे दिसतच नाही तेही शोधा. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, हार्वी मड ही अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं, विल्यम्समध्ये सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास मुलं, पीएचडी प्रोग्रॅम नाहीत म्हणून प्रोफेसरांचा सगळा वेळ ग्रॅज्युएशनच्या मुलांना. जागतिक याद्यांत ही नावं येतच नाहीत कारण त्या याद्या मुळात रिसर्च युनिव्हर्सिट्यांच्या. आपल्या नातेवाइकांनी नाव ऐकलेलं नसतं म्हणून कितीतरी हुशार मुलं इथे अर्जच करत नाहीत, हे मला फार खटकतं.

ब्रिटनमध्ये उलटा प्रकार बघायला मिळतो. गार्डियन या वृत्तपत्राची यादी रिसर्च मोजतच नाही, तिथे स्कॉटलंडमधली सेंट अँड्र्यूज २०२४ च्या यादीत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वर पहिल्या नंबरवर होती, आणि क्यूएसमध्ये तीच शंभरीच्या आसपास. एलएसई, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जगभर गाजलेली, पण २०१७ मध्ये इंग्लंड सरकारच्या टीचिंगच्या मूल्यांकनात तिला ब्रॉन्झ मिळालं होतं, पुढे २०२३ ला सिल्व्हर. म्हणजे एलएसई वाईट का? अजिबात नाही. पण नाव आणि वर्गातलं शिकवणं यांची मोजणी वेगवेगळी होते एवढं यातून कळतं.

दुसरी पायरी: विषय ठरलाय का, हे मुलाला स्पष्ट विचारा

इथे देशच बदलू शकतो. इंग्लंडमध्ये पहिल्या दिवसापासून एक विषय, तीन वर्षं. अर्ज यूकॅस या सगळ्यांच्या एकत्र ऑनलाइन व्यवस्थेतून, पाच चॉइस आणि पाचही ठिकाणी तेच पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का हे सांगणारं मुलाचं लिखाण, जातं, त्यामुळे दोन ठिकाणी इकॉनॉमिक्स आणि तीन ठिकाणी इंजिनिअरिंग असं करता येत नाही, म्हणजे येतं, पण स्टेटमेंट कोणालाच पटत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीला एकाच वर्षी अर्ज चालत नाही, एकच निवडायची, आणि मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्या बहुतेक कोर्सेसच्या कितीतरी आधी. ज्या मुलाला फिजिक्स म्हणजे फिजिक्सच करायचंय त्याच्यासाठी इंग्लंड फार सुंदर आहे.

ज्याचं ठरलेलं नाही त्याने अमेरिका बघावी, पण तिथेही सरसकट मोकळीक नाही आणि याच जागी सगळ्यात जास्त मुलं अडकतात. एमआयटीत पहिलं वर्ष झाल्यावर मेजर निवडायचा, हवा तो, कुणाची परवानगी नको. हार्वर्ड-स्टॅनफर्डमध्येही साधारण असंच. पण इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये कॉम्प्युटर सायन्सला थेट ॲडमिशन मिळाली नाही आणि आत जाऊन बदलून घेऊ म्हटलं तर ते जवळपास अशक्य. कॉम्प्युटर सायन्सच्या रँकिंगमध्ये या दोघी खूप वर आहेत, ते बघून मुलगा दुसऱ्या मेजरला ॲडमिशन घेतो आणि ज्या नंबरासाठी गेला त्या डिपार्टमेंटचं दार त्याला बंद. म्हणून प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर मेजर बदलण्याचे नियम शोधा, सापडले नाहीत तर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा, आलेलं उत्तर जपून ठेवा.

तिसरी पायरी: शिकवतं कोण आणि वर्गात किती जण

अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिट्या दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची लांबलचक पीडीएफ टाकतात. गूगलवर युनिव्हर्सिटीचं नाव आणि कॉमन डेटा सेट लिहिलं की सापडते. माझ्या मते ही एक फाइल कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त सांगते. तिचे विभाग इंग्रजी अक्षरांनी असतात. बीमध्ये पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली आणि किती वर्षांत पास झाली. सीमध्ये ॲडमिशन, त्यातल्या सी ७ मध्ये मार्क, निबंध, टेस्ट, इतर उपक्रम यांतलं कशाला किती महत्त्व ते सरळ टेबलमध्ये. आयमध्ये वर्गांचे आकार, २ ते ९ मुलांचे किती, १०० च्या वरचे किती. तीन-चार युनिव्हर्सिट्यांचे हे आकडे शेजारी शेजारी लिहा, चित्र स्वच्छ होतं.

कॅलटेकमध्ये ग्रॅज्युएशनची सगळी मुलं मिळून हजाराच्या आसपास. बर्कलीत तीस हजारांच्या वर, आणि तिथे कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या कोर्सला एका वर्गात हजाराच्या वर मुलं बसलेली आहेत. बर्कलीत शिकून मोठी झालेली माणसं भरपूर आहेत, जो मुलगा स्वतः उठून प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला जातो, टीएला म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्या सीनियर विद्यार्थ्याला धरून ठेवतो, त्याला तिथे खजिना आहे. पण लाजाळू, बोलावल्याशिवाय न बोलणारं मूल असेल तर त्याच्यासाठी ऑक्सफर्डचं ट्युटोरियल बघा, दर आठवड्याला एक ट्युटर आणि समोर दोन-तीन मुलं, लपायला जागाच नाही. केंब्रिजमध्ये त्यालाच सुपरव्हिजन म्हणतात. प्रिन्स्टनमध्ये जवळपास प्रत्येकाला शेवटच्या वर्षी थीसिस लिहावा लागतो, त्यासाठी प्रोफेसरबरोबर एकास एक काम होतं. एमआयटीत १९६९ पासून यूरॉप आहे, पहिल्या वर्षाचा मुलगाही लॅबमध्ये रिसर्चला लागू शकतो. आपलं मूल कसं आहे हे तुम्हाला माहीत आहे, क्यूएसला नाही.

आणखी एक काम करा, ते फुकट आहे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर पूर्ण कोर्स, असाइनमेंट्स, परीक्षा पडलेल्या आहेत. केंब्रिजच्या गणित विभागाच्या ट्रायपॉसच्या जुन्या प्रश्नपत्रिका ऑनलाइन मिळतात. मुलाला एका रविवारी पहिल्या वर्षाची एक असाइनमेंट घेऊन बसवा. सुटली पाहिजे असं नाही, पण दोन तासांनी तो अजून तिथेच बसलाय की कंटाळून उठलाय, यावरून पुष्कळ समजतं.

चौथी पायरी: पैसे, आणि इथे जरा सावकाश

अमेरिकेतल्या वरच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांचा राहण्या-जेवण्यासकट खर्च आता वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात गेलाय. हा छापील आकडा. प्रत्यक्ष किती भरायचे ते युनिव्हर्सिटीच्या धोरणावर ठरतं आणि इथे दोन प्रकार वेगळे करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, आणि अलीकडे डार्टमथ, बोडन, ब्राउन, ही परदेशी मुलांसाठीसुद्धा नीड-ब्लाइंड आहेत, म्हणजे मदत मागितली म्हणून ॲडमिशनवर परिणाम होत नाही, आणि ॲडमिशन दिली तर घरच्या उत्पन्नाप्रमाणे गरज भागवतात. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला हार्वर्ड एखाद्या स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडू शकतं हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण तसं आहे. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी, स्टॅनफर्डसकट, परदेशी मुलांसाठी नीड-अवेअर, मदत मागितलीत तर ती निर्णयात धरली जाते. मग मागूच नये का? पैसे खरंच लागणार असतील तर मागाच, कारण बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलांनी ॲडमिशनच्या वेळी मागितली नाही तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही. बर्कली, यूसीएलए या सरकारी, कॅलिफोर्नियाच्या करावर चालणाऱ्या, तिथे परदेशी मुलाने पूर्ण फी भरायची तयारी ठेवूनच जावं.

कोण किती देतं हे परत कॉमन डेटा सेटमध्ये, एच ६ मध्ये बघा. किती परदेशी मुलांना मदत मिळाली आणि सरासरी किती डॉलर. ज्या युनिव्हर्सिटीने हजारो परदेशी मुलांतल्या मोजक्यांनाच दिलीय तिथे आपल्याला मिळेल या भरवशावर बसू नका. कॉर्नेलमध्ये टाटा स्कॉलरशिप आहे, खास भारतातल्या ग्रॅज्युएशनच्या मुलांसाठी, कॉर्नेलला अर्ज करत असाल तर ती नक्की वाचा. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पोस्टग्रॅज्युएट आणि पीएचडीसाठी आहे, ग्रॅज्युएशनला तिच्यावर हिशोब मांडू नका.

इंग्लंडमध्ये अशी उत्पन्नावर आधारित मदत परदेशी मुलांना फारच कमी. पण कोर्स तीन वर्षांचा, एक वर्ष वाचतं. केंब्रिजला ट्यूशन फीशिवाय कॉलेज फी वेगळी असते, ती वर्षाला दहा हजार पाउंडांच्या आसपास, ती धरायची राहून जाते. सगळीकडे पूर्ण डिग्रीचा खर्च मांडा, एका वर्षाचा नाही, फी दरवर्षी वाढते असं धरा आणि रुपया घसरतो असंही धरा.

अर्ली डिसिजनबद्दल एकच सांगते. एकाच युनिव्हर्सिटीला लवकर केलेला हा अर्ज, आणि तो करार असतो, ॲडमिशन मिळाली तर जायचंच. ज्यांना मदतीच्या ऑफर शेजारी ठेवून बघायच्यात त्यांनी फार विचार करून त्यात पडावं.

पाचवी पायरी: नावाचा पुढे खरंच किती उपयोग होतो

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं की ज्यांना मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता पण जे कमी नावाच्या ठिकाणी गेले, त्यांची पुढची कमाई मोठ्या नावाच्या ठिकाणी गेलेल्यांच्या बरोबरीचीच होती. म्हणजे मुलात जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं. अपवाद गरीब घरातल्या मुलांचा, त्यांना नावाचा फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आठ आयव्ही, स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो यांची तुलना चांगल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांशी केली. सरासरी कमाईत विशेष फरक नाही, पण वरच्या एक टक्का कमाईत पोचण्याची शक्यता साधारण ५० टक्क्यांनी वाढते, नामांकित ग्रॅज्युएट स्कूलला (ग्रॅज्युएशननंतरच्या शिक्षणाला) जाण्याची जवळपास दुप्पट आणि नामांकित कंपन्यांत लागण्याची तिप्पट. दोन्ही अभ्यास अमेरिकेतल्या मुलांचे, तरी माझं मत यातून असं झालंय की इन्व्हेस्टमेंट बँकिंग, कन्सल्टिंग, असल्या वाटांना नाव कामाला येतं कारण त्या कंपन्या ठरावीक कॅम्पसवरच जातात. सॉफ्टवेअर, इंजिनिअरिंग, रिसर्च यांत मुलाने काय केलंय ते जास्त बघतात, तिथे पहिल्या दहातलं आणि तिसावं यातल्या फरकासाठी घर गहाण टाकू नका.

आयव्ही म्हणजे सगळ्यात भारी असाही एक समज आहे. आयव्ही लीग हा १९५४ मध्ये झालेला आठ कॉलेजांचा खेळांचा गट, एमआयटी आणि स्टॅनफर्ड त्यात नाहीत.

पगाराचे आकडे बघताना अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड वापरा, मेजरनुसार कमाई मिळते, पण त्यात फक्त सरकारी मदत घेतलेली मुलं मोजलीत, आपल्यासारखी परदेशी मुलं त्यात नाहीत. आपल्या मुलांसाठी व्हिसा जास्त महत्त्वाचा. शिकून झाल्यावर अमेरिकेत ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) डिग्री असेल तर आणखी २४. आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी आपलं इकॉनॉमिक्स स्टेममध्ये बसेल असं नोंदवलंय, काहींनी नाही, तेव्हा इकॉनॉमिक्सवाल्यांनी डिग्रीचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेतला विषयाच्या वर्गवारीचा सरकारी क्रमांक, विचारून घ्या, त्या एका कोडवर दोन वर्षं अवलंबून आहेत. इंग्लंडचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा, जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. आज अकरावीत असलेल्यांनी १८ महिनेच धरून चाला.

सहावी पायरी: तक्ता आणि शेवटचा निर्णय

एक्सेल शीट उघडा, आठ-दहा युनिव्हर्सिट्या, आणि वर दिलेले मुद्दे रकान्यांत. रँकिंगचा रकाना ठेवाच, पण सगळ्यात शेवटी. कुठल्या मुद्द्याला किती वजन हे मूल आणि आईबाबा यांनी वेगवेगळं लिहावं, एकमेकांचं न बघता, आणि मग समोरासमोर ठेवावं. बहुतेक घरांत इथेच खरी चर्चा सुरू होते, बाबांचं वजन नावाला, मुलीचं विषयाला, आईचं खर्चाला, आणि हे अर्ज करायच्या आधी बोललेलं बरं, एप्रिलमध्ये ऑफर हातात आल्यावर नाही.

महाराष्ट्र बोर्डवाल्यांनी इंग्लंडच्या प्रत्येक कोर्सच्या पानावर एचएससी चालते का ते आधीच तपासा. काही ठिकाणी सीबीएसई आणि आयएससी थेट चालतं आणि राज्य बोर्डाला वेगळी अट असते, ए-लेव्हल (ब्रिटिश बारावी) किंवा एपी (अमेरिकन) परीक्षा मागतात, आणि ते बारावीच्या डिसेंबरमध्ये कळलं तर वेळ गेलेली असते. इंग्लंडच्या ऑफर बहुधा बारावीच्या टक्क्यांवर अवलंबून असतात, म्हणून फर्म (पहिली पसंती) एक आणि इन्शुरन्स (टक्के कमी पडले तर हाताशी राहणारी) एक निवडताना इन्शुरन्सला खरोखर कमी टक्के मागणारीच ठेवा, दोन्हीकडे ९० लागत असतील तर दुसरीचा उपयोग काय?

अमेरिकेची उत्तरं मार्चच्या शेवटापर्यंत येतात आणि साधारण १ मेपर्यंत एक जागा पक्की करायची असते. या महिन्याभरात दोन कामं. एक, त्याच मेजरमधल्या सेकंड इयरच्या भारतीय मुलाला किंवा मुलीला लिंक्डइनवर मेसेज करून विचारा की तुला हवे ते कोर्स मिळाले का, प्रोफेसर नावाने ओळखतात का, पहिल्या उन्हाळ्यात काय केलंस. दुसरं, मदत कमी पडत असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला अपील करा, नम्रपणे, आकड्यांसह, दुसऱ्या तोडीच्या युनिव्हर्सिटीची जास्त मदतीची ऑफर असेल तर तिचं पत्र जोडून, आणि हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा म्हणजे १ मेच्या आत उत्तर हातात येईल.